कोणती पाटील?

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

व्यासपीठावरचे माझे सगळे सर आणि बाई, आणि समोर बसलेल्या, अजूनही मागच्या बाकांवरच गर्दी करणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी फोनवर सांगितलं, "तू कॉम्प्युटरवर बोल, पण आम्हाला कळेल असं बोल." मी म्हटलं, वीस वर्षं नोकरी करून जे मलाच नीट कळलेलं नाही, ते तुम्हाला काय सांगू? त्यावर उत्तर आलं, "मग तेच सांग." म्हणून मी आज माझ्याकडून झालेल्या एका चुकीबद्दल बोलणार आहे. ती चूक एका ओळीची होती. पण ती कळायला आधी थोडं व्याकरण लागेल, आणि व्याकरण म्हटलं की सुरुवात शिवाजी पेठेपासूनच करावी लागेल.

इंजिनिअरिंग संपवून मी पुण्यात नोकरीला लागले. पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत टेबलावरच्या लोकांना म्हटलं, "थांबा, मी डबा घेऊन आलो." सगळे हातातला घास तसाच धरून माझ्याकडे बघायला लागले. एकीनं विचारलं, "आलो? आलो म्हणजे?" मला प्रश्नच कळेना. आपल्याकडे आई 'आलो' म्हणते, आजी 'आलो' म्हणायची, शेजारच्या काकू भाजी आणायला निघाल्या की 'जातो' म्हणतात. रंकाळ्यापासून बिंदू चौकापर्यंत कुणालाही त्यात चूक दिसत नाही. शहर ओलांडलं आणि तेच वाक्य चुकीचं झालं. वाक्यात काहीच बदललं नव्हतं, फक्त हद्द बदलली होती.

आता दुसरं. आपल्या वर्गात तीन पाटील मुली होत्या, आठवतंय? एक निवृत्ती चौकातली, एक उभा मारुती चौकातली आणि एक वाशी नाक्याकडून सायकलवर येणारी. बाई म्हणायच्या, "पाटील, फळा पूस." एक तर तिघी उठायच्या, नाहीतर एकही उठायची नाही. पण आमच्या रांगेत बसून मी नुसतं "पाटील" म्हटलं, की रांगेतल्या सगळ्यांना माझी पाटीलच कळायची. पलीकडच्या रांगेत तोच शब्द दुसरीसाठी होता. वर्गाला हे नियम कुणी शिकवले नव्हते. जवळचं नाव आधी लागू, तिथे नसेल तर त्याच्या बाहेरचं, हे आपल्याला आपोआप कळत होतं.

मराठीच्या बाईंनी तर हे फळ्यावर लिहून दाखवलं होतं. 'बाईंनी तिला आपल्या घरी नेलं' आणि 'बाईंनी तिला तिच्या घरी नेलं'. एका शब्दाचा फरक, पण मुलगी दोन वेगळ्या घरांत पोचते. 'आपल्या' म्हणजे कुणाच्या, हे त्या शब्दात लिहिलेलं नसतं. ते वाक्याच्या रचनेवरून ठरतं.

संगणकाच्या भाषांमध्ये नेमका हाच प्रश्न असतो. एखादं नाव लिहिलं, तर ते नाव कुणाचं? कुठून कुठपर्यंत त्याचा तोच अर्थ? आम्ही त्याला 'स्कोप' म्हणतो. मी आज 'नावाची हद्द' म्हणते.

आता गणिताच्या सरांकडे वळते. सर, तुम्ही बीजगणितात एकदा फळ्यावर लिहिलं होतं, क्ष = क्ष + १. आणि विचारलं होतं, "हे कधी खरं होईल?" आम्ही दहा मिनिटं डोकं खाजवलं. मग तुम्ही म्हणालात, "कधीच नाही. दोन्हीकडून क्ष काढा, शून्य बरोबर एक उरतं." तीन वर्षांनी इंजिनिअरिंगला 'सी' भाषा आली आणि दुसऱ्याच तासाला फळ्यावर तेच, क्ष = क्ष + १. तिथल्या सरांनी शांतपणे सांगितलं, "क्ष नावाच्या डब्यात जे आहे ते काढा, एक मिळवा, परत डब्यात ठेवा." सगळ्यांनी लिहून घेतलं. मीही घेतलं. बरोबरच्या चिन्हाचा अर्थ 'बरोबर' नसून 'ठेव' असा आहे, हे मी मुकाट्यानं मान्य केलं आणि पुढची कितीतरी वर्षं डबे भरत राहिले.

मग कामासाठी मला 'फंक्शनल' जातीची एक भाषा शिकावी लागली. फंक्शन म्हणजे आपण गणितात शिकलो ते फलन. अमुक दिलं की तमुक मिळणार, आणि तेच पुन्हा दिलं की तेच मिळणार. या जातीच्या भाषांना डबे फारसे आवडत नाहीत. एकदा नाव दिलं की ते त्या गोष्टीचं नाव. गंमत म्हणजे, सरांचं ते समीकरण या भाषांपुढे ठेवलं की प्रत्येक भाषा वेगळं उत्तर देते. 'हास्केल' नावाच्या भाषेत तसं लिहिलं तर ती उजवीकडचा क्ष म्हणजे डावीकडचाच क्ष समजते. क्षची किंमत काढायला क्षची किंमत लागते, तिच्यासाठी पुन्हा क्षची, असं ती स्वतःच्याच शेपटीमागे फिरत राहते. 'ओकॅमल' नावाच्या भाषेत उजवीकडचा क्ष हा आधीचा, जुना क्ष असतो आणि डावीकडे त्याच नावाचा नवा जन्मतो. आजोबांचं नाव नातवाला ठेवावं तसं. आणि मला जी शिकावी लागली त्या 'अर्लांग' भाषेनं सरांसारखंच उत्तर दिलं. हे जुळत नाही, चूक.

सर, त्या दिवशी मला तुमची फार आठवण झाली.

अर्लांगबद्दल थोडं सांगते, कारण तिच्याशी तुमचा सगळ्यांचा संबंध आहे. १९८६ च्या सुमारास स्वीडनमधल्या एरिक्सन कंपनीच्या प्रयोगशाळेत जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हर्डिंग आणि माइक विल्यम्स यांनी ती घडवायला सुरुवात केली. काम होतं टेलिफोन एक्स्चेंजचं. एक्स्चेंज बंद ठेवून दुरुस्ती करता येत नाही आणि एकाचा फोन तुटला म्हणून बाकीच्यांचे तुटून चालत नाहीत. म्हणून या भाषेत हजारो छोटी छोटी कामं एकमेकांपासून वेगळी चालतात, एकमेकांच्या वस्तूंना हात लावत नाहीत, फक्त निरोप पाठवतात. नावाला एकदा दिलेली किंमत बदलत नसल्यामुळे आपल्या पाठीमागे कुणी काही बदललं असेल ही भीती कमी होते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम केलेले डॅनिश गणिती आग्नर क्रारुप अर्लांग यांचं नाव तिला दिलं आहे. १९९८ मध्ये ती सगळ्यांसाठी खुली झाली. पुढे व्हॉट्सॲपनं आपल्या सर्व्हरसाठी तिचाच आधार घेतला. म्हणजे आपल्या बॅचच्या ग्रुपवर रोज सकाळी फुलं घालून जे 'शुभ सकाळ' येतं, त्याच्या वाटेत ही भाषा उभी आहे. कृपया तिच्यावरचा भार थोडा कमी करा.

या भाषेचं लिहिणंही चमत्कारिक आहे. तिची सुरुवातीची आवृत्ती 'प्रोलॉग' या भाषेत लिहिलेली होती, त्यामुळे विरामचिन्हं तिकडून आली. स्वल्पविराम म्हणजे 'हे झालं, आता पुढचं'. अर्धविराम म्हणजे 'हा एक पर्याय, आता दुसरा'. पूर्णविराम म्हणजे संपलं. शेवटच्या पर्यायानंतर मात्र अर्धविराम द्यायचा नाही. पर्यायांची जागा अदलाबदल केली की अर्धविराम चुकीच्या जागी जाऊन बसतो आणि अख्खा कार्यक्रम अडतो. बाई, तुम्ही दहावीपर्यंत मला अर्धविराम शिकवत होतात. मला तो तिशीनंतर आला, तोही स्वीडनच्या मार्गानं.

पण माझी चूक विरामचिन्हांत नव्हती. ती नावात होती.

अर्लांगमध्ये बरोबरचं चिन्ह म्हणजे 'जुळवून बघ'. डावीकडच्या नावाला अजून किंमत नसेल, तर त्याला ती मिळते. आधीच किंमत असेल, तर ती जुळते का एवढंच बघितलं जातं. हेच सगळीकडे. समजा, 'शाखा' या नावाला मी आधीच ५ ही किंमत दिली आहे. आता माझ्यापुढे जोड्यांची यादी आहे आणि प्रत्येक जोडीत एक शाखा क्रमांक आणि एक मोबाइल नंबर आहे. यातली एक जोडी मी 'केस' नावाच्या रचनेत (शाखा, मोबाइल) या साच्याशी लावून बघितली, तर ५ क्रमांकाचीच जोडी जुळते. बाकीची जुळत नाही. किती सोयीचं! वेगळं विचारावंही लागत नाही.

पण त्याच भाषेत यादीतून नवी यादी काढायची एक सुटसुटीत रीत आहे. एका ओळीत लिहायचं, 'या यादीतल्या प्रत्येक (शाखा, मोबाइल) जोडीतला मोबाइल मला दे.' साचा अगदी तोच, अक्षरही बदललेलं नाही. पण इथे 'शाखा' हे नवंकोरं नाव असतं. बाहेरच्या ५ शी त्याचं नातं उरत नाही. ते कुठल्याही क्रमांकाशी जुळतं आणि यादीतले सगळेच्या सगळे मोबाइल हातात येतात.

असं का? मी स्वतःला ते वाड्याच्या भाषेत समजावलं. 'केस' म्हणजे एकाच घरातला पडदा. पडद्याच्या अलीकडे-पलीकडे माणसं तीच, नावं तीच. उलट इतकं की पडद्याआड ठेवलेलं नाव बाहेरही ऐकू येतं. पण यादीची ही रचना, किंवा आत लिहिलेलं छोटं फलन, म्हणजे वेगळं घर. तिच्या उंबऱ्यावर जे नाव उच्चाराल, त्याचं तिथे नव्यानं बारसं होतं. आत गेल्यावर तुम्ही बाहेरच्या माणसांना हाक मारू शकता, ते चालतं. पण उंबऱ्यावर मात्र नाही. फलनाच्या दृष्टीनं हे बरोबरही आहे, कारण आत येणाऱ्या पाहुण्याला घर आपल्या सोयीचं नाव देणारच. फक्त ते लक्षात ठेवावं लागतं.

ही कटकट सगळ्यांनाच जाणवली असणार. पुढे ब्राझीलच्या जोझे व्हालिम यांनी अर्लांगच्याच यंत्रणेवर 'एलिक्सर' नावाची भाषा बांधली. तिथे साच्यातलं नाव नेहमीच नवं धरलं जातं. जुनंच अभिप्रेत असेल, तर त्याच्यापुढे टोपीसारखं एक चिन्ह काढायचं. म्हणजे बाईंनी "निवृत्ती चौकातली पाटील" असं स्पष्ट म्हणायचं.

आता चूक.

पुण्यातल्या एका कंपनीत आम्ही वित्तसंस्थांच्या खातेदारांना मेसेज पाठवणारी यंत्रणा बनवत होतो. मी त्या गटाची प्रमुख होते. एका संस्थेच्या एका शाखेतल्या थकीत कर्जदारांना सूचना जायची होती. आपला हप्ता थकला आहे, अमुक तारखेपर्यंत भरा, नाहीतर कारवाई. तो मेसेज त्या शाखेच्या थकबाकीदारांऐवजी दुसऱ्या शाखांच्या लोकांनाही गेला. त्यांतल्या कित्येकांनी वेळच्या वेळी हप्ते भरलेले होते. संध्याकाळी सातनंतर गेला, त्यामुळे विचारायला शाखाही उघडी नव्हती.

दुसऱ्या दिवशी संस्थेतल्या एका साहेबांनी मला फोनवर एवढंच सांगितलं. "मॅडम, सकाळी आठला शटरच्या पायरीवर एक निवृत्त मास्तर बसले होते. मांडीवर पावत्यांची पिशवी. रात्रभर पावत्या तारखेनुसार लावत होते म्हणाले." तक्रार केली असती तर मी सरावानं उत्तर दिलं असतं. या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आमच्याकडे बैठक झाली. आदल्या आठवड्यात त्या भागात शेवटचा बदल एका मुलानं केला होता. नोकरीला लागून सहा महिने झालेला मुलगा, खेड्यातून आलेला, मान खाली घालून काम करणारा. त्याच्या बदलानंतर हे घडलं, तेव्हा चूक त्याचीच, असं सगळ्यांनी धरलं. तो म्हणाला, "मी फक्त पूर्ण यादी पाठवली. शाखेप्रमाणे गाळायचं काम पुढचं फलन करतं ना?" कुणीतरी म्हणालं, "करत असतं तर हे झालं असतं का?" आणि मी गप्प बसले. मला तेव्हा कारण माहीत नव्हतं, हे खरं आहे. पण ते पुढचं फलन कुणी लिहिलं होतं, ते मला माहीत होतं.

रात्री घरी येऊन मी ती ओळ उघडली. तीन वर्षांपूर्वी लिहिलेली, शेजारी माझं नाव. 'या यादीतल्या प्रत्येक (शाखा, मोबाइल) जोडीतला मोबाइल मला दे.' मला वाटलं होतं, शाखेला किंमत आहे, ती आपोआप गाळेल. ती काहीच गाळत नव्हती. तीन वर्षं हे उघड झालं नाही, कारण तोवर त्या फलनाकडे येणारी यादी आधीच एकेका शाखेची असायची. काही न गाळणारी चाळणी निवडलेल्या तांदळावर धरली, तर ती उत्तमच वाटणार. त्या मुलानं फलनाच्या नावावर विश्वास ठेवून पहिल्यांदाच सगळं पोतं त्यात ओतलं.

खरी लाज वाटावी अशी गोष्ट पुढे आहे. कंपायलर, म्हणजे आपलं लिखाण तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा कार्यक्रम, या ओळीबद्दल दर वेळी दोन इशारे देत होता. एक, 'शाखा' हे बाहेरचं नाव इथे झाकलं गेलं आहे. दोन, आतलं 'शाखा' हे नाव कुठेच वापरलेलं नाही. यापेक्षा स्पष्ट कुणी काय सांगणार? पण ते इशारे होते, चुका नव्हत्या. कार्यक्रम चालत होता. जुन्या कामातले असले शेकडो इशारे पडद्यावरून सरकायचे. नव्या मुलांनी विचारलं की मी सांगायची, "ते नेहमीच येतं, तिकडे बघू नका." त्या मुलालाही पहिल्या आठवड्यात मीच हे सांगितलं होतं.

सकाळी ऑफिसात जाऊन सगळ्यांना पत्र लिहिलं. ओळ माझी, इशारे माझ्या सांगण्यावरून दुर्लक्षिले गेले, त्याचा बदल योग्य होता. पाठवायला गेले तर वर आधीच एक पत्र आलेलं होतं. रात्री दीड वाजता त्यानं पाठवलेलं. 'माझ्या चुकीबद्दल मी क्षमा मागतो.'

मी माझं पत्र पाठवलं, त्याला बोलावून सगळ्यांसमोरही सांगितलं. तो म्हणाला, "असू दे मॅडम." पुढे तो चांगला इंजिनिअर झाला, दिवाळीला आजही फोन करतो. पण ती रात्र त्यानं कशी काढली, हे मी त्याला कधी विचारलेलं नाही. बैठकीत अर्ध्या तासात मी एवढं जरी म्हटलं असतं, "थांबा, ते फलन माझं आहे, आधी मी बघतो," तरी ते दीड वाजताचं पत्र लिहिलं गेलं नसतं.

त्यानंतर आमच्या गटात दोन गोष्टी बदलल्या. कंपायलरला एक सूचना देता येते, की इशारा म्हणजेच चूक समज आणि काम थांबव. ती चालू केली. पहिले पंधरा दिवस काहीही पुढे सरकेना, सगळे वैतागले, पण शेकडो इशारे एकेक करून साफ झाले. त्यांत अजून दोन ठिकाणी हीच चूक सापडली. आणि ती ओळ आता अशी आहे. उंबऱ्यावर वेगळं नाव, आणि त्यापुढे स्पष्ट अट, की त्या जोडीतला क्रमांक माझ्या हातातल्या शाखेइतकाच असेल तरच घे. ओळ थोडी लांबली. वाचणाऱ्याला आता अंदाज करावा लागत नाही.

मला या भाषेचा राग येत नाही. तिचे नियम कुठेही लपवलेले नाहीत, पुस्तकात लिहिलेले आहेत. विचित्र वाटतात ते आपण दुसऱ्या गल्लीतून आलेले असतो म्हणून. मी 'आलो' म्हटल्यावर पुण्याची ती टेबलं थबकली, ती मला विचारत तरी होती. मी मात्र त्या ओळीला कधी विचारलंच नाही, की बाई, तू म्हणतेस ती शाखा कोणती?

आज इथे फार वर्षांनी हजेरी झाली. बाईंनी यादीतून "पाटील" म्हटलं आणि तिघींनी एकदम "हजर" म्हटलं. तिघींची आडनावं लग्नानंतर बदलली आहेत, पण या हॉलच्या हद्दीत त्या अजून पाटीलच आहेत. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "कोणती पाटील?" आम्ही सगळे हसलो. मी जरा जास्तच हसलो असेन, कारण हा प्रश्न वेळेवर विचारायला मला पंधरा वर्षं आणि एका मास्तरांची एक रात्र लागली होती.

सर, क्ष बरोबर क्ष अधिक एक होत नाही. तुमचंच बरोबर होतं. बाई, अर्धविराम आता येतो.

आतून तांबड्या रश्श्याचा वास यायला लागलाय आणि तुमचं लक्ष कुठे आहे ते मला इथून दिसतंय. तेव्हा मी आता थांबतो.

थांबतोच. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी हसू नये.